कुणी राहिलंय का?

ही गोष्ट खरी आहे. अक्षरन् अक्षर खरी. खोटी निघाली तर उद्यापासून मला मामा म्हणू नका, तोंडाला येईल ते म्हणा. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्याने ती मला स्वतःच्या तोंडाने सांगितली. म्हणजे तसा तो याबद्दल कुणाशी चकार शब्द काढत नाही. त्याच्या बायकोने सांगितली. थोडी तिने, थोडी सुताराने, आणि मधे ज्या जागा राहिल्या त्या मी भरल्या. पण भरल्या त्यासुद्धा खऱ्यानेच.

"मामा, मागच्या खेपेची विहिरीतली बाईसुद्धा खरीच होती ना?" असं खवचटपणे विचारणारी ही माझी थोरली भाची.

ती खोटी होती बाई. ही खरी आहे. दार लोटून घे आणि गप बस.

तर हा माझा दोस्त शाळेचा वॉचमन. पोरं त्याला कुलूपकाका म्हणायची, कारण त्याच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की तो येण्याआधी त्याचा आवाज यायचा. शाळा सुटली, शिकवणाऱ्या बाईंच्या गप्पा आटोपल्या, झाडलोट झाली, की कुलूपकाका एकेक खोली बंद करत निघायचा. आणि त्याची एक पद्धत होती. दार ओढून घ्यायचं, किल्लीने चौकटीवर दोनदा ठोकायचं आणि मोठ्याने विचारायचं, "कुणी राहिलंय का रे?" मग थांबायचं. छातीत श्वास भरून सावकाश सोडेपर्यंत थांबायचं. घाबरलेलं पोर लगेच बोलत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. उत्तर आलं नाही की मगच कुलूप.

ही पद्धत त्याची स्वतःची नव्हे. त्याच्या आधी जो म्हातारा वॉचमन होता, त्याने किल्ल्या हातात देताना शिकवली होती. "विचारल्याबिगर कुलूप घालू नकोस," म्हातारा म्हणाला होता. कुलूपकाकाने हसत विचारलं, "आणि रिकाम्या खोलीतून उत्तर आलं तर?" म्हातारा हसला नाही. म्हणाला, "आलं, तर हात दे. भ्यायला झालं तरी दे. पोरच आहे ते."

म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, असं म्हणून कुलूपकाका विसरून गेला.

परीक्षा संपल्या त्या आठवड्यातला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यक्रम. जे लोक शाळा सुरक्षित ठेवतात, पण ज्यांचा फोटो कधी कुठे लागत नाही, अशांचा सन्मान करायचा असं मोठ्या बाईंनी ठरवलं होतं. रस्त्यावर लाल झेंडी घेऊन पोरांना पलीकडे सोडणारी मावशी. पोरं गाडीत असताना कधी कुणाशी शर्यत न लावणारा बसचा ड्रायव्हर. पाण्याच्या टाकीत दर आठवड्याला स्वतः उतरणारा प्लंबर. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठा मान, कुलूपकाका. त्याच्या साऱ्या नोकरीत एकाही पोराला साधं खरचटलं म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं, असं बाई भाषणात म्हणणार होत्या.

मानाचं काय असतं, तो मिळायच्या आधीच माणसाला चढतो. कुलूपकाकाने कोट शिवायला टाकला. जन्मात पहिला. दिवसभर हॉलमध्ये सुताराची ठोकाठोक चालली होती, फळ्यांचं भलंमोठं व्यासपीठ उभं राहत होतं. संध्याकाळी बाईंनी व्हरांड्यात पाहुण्यांसारखं चालायची तालीम करून घेतली. "काका, असे कुलूप शोधत असल्यासारखे नका चालू, वर बघा!" सगळे हसले. तेवढ्यात शिंप्याचा निरोप आला, शेवटचं माप द्यायला या, मी दुकान बंद करतोय. कुलूपकाका धावतपळत सगळी कुलपं घालून निघाला.

रात्री तो कोट घालूनच जेवायला बसला.

"अहो, काढा आता तो," बायको म्हणाली. "डाग पडला तर उद्या मोठ्या बाई तुमच्याऐवजी मलाच व्यासपीठावर चढवतील."

"अंगात मुरू दे जरा."

"मुरायला लोणचं आहे का ते?"

तो हसला, आणि हसता हसता घास हातात तसाच राहिला. बायकोला वाटलं ठसका लागला. तो भिंतीकडे बघत होता.

"मी आज विचारलं का गं?"

"काय विचारलं?"

"दारांना."

त्याला कुलपं आठवत होती. एकेक कुलूप लागताना झालेला आवाजही आठवत होता. पण विचारलेलं आठवत नव्हतं. किल्लीने ठोकल्याचंही नाही.

"उद्या सकाळी लवकर जा की," बायको म्हणाली.

"सकाळी विचारून काय उपयोग?"

कोट खुंटीला लावून, टॉर्च आणि किल्ल्या घेऊन तो सायकलवर बसला. पावणेअकराचा सुमार असेल. अमावस्या बिमावस्या काही नव्हती, चांगलं अर्ध्या चंद्राचं चांदणं होतं. तुम्ही म्हणाल भुताच्या गोष्टीत चांदणं कशाला? काय करू, खरी गोष्ट आहे, होतं चांदणं.

रात्री शाळा वेगळीच दिसते. दिवसभर पोरांच्या आवाजाने फुगलेली असते ना, रात्री ती आत ओढून घेतल्यासारखी होते. मेन स्विच तो संध्याकाळीच पाडायचा, त्यामुळे दिवे नाहीत. टॉर्चच्या उजेडात त्याने पहिलीच्या वर्गापासून सुरुवात केली. टक टक. "कुणी राहिलंय का रे?" श्वास. काही नाही. पुढचं दार. टक टक. स्वतःचाच आवाज लांब व्हरांड्यात जाऊन परत येत होता. त्याला जरा हसूही आलं. उद्याचा सन्माननीय पाहुणा बंद दारांशी गप्पा मारतोय.

हॉलच्या मोठ्या दारापाशी विचारलं. थांबला. काही नाही. वरचा मजला केला. काही नाही. मनावरचं ओझं उतरत चाललं.

शेवटी उरली खालच्या व्हरांड्याच्या टोकाची खोली. मोडक्या बाकांची. तिथे वर्ग भरत नाही, कुणी जात नाही. पण पद्धत म्हणजे पद्धत.

टक टक.

"कुणी राहिलंय का रे?"

श्वास भरला. सावकाश सोडला. वळला.

"आहे."

लहान मुलाचा आवाज. दाराच्या अगदी आतून, त्याच्या कमरेएवढ्या उंचीवरून. आणि त्यात भीती नव्हती. रडू नव्हतं. हजेरीला उत्तर द्यावं तसं दिलेलं.

कुलूपकाकाने जुडग्यातून त्या खोलीची किल्ली शोधली. कुलपात घातली. दार उघडलं. टॉर्च मारला.

बाकांची रास. छतापर्यंत. जमिनीवर धूळ... पिठासारखी. त्या धुळीवर एक पाऊलही नाही.

"कुठे आहेस बाळा?"

काही नाही.

"बाहेर ये."

काही नाही... आणि टॉर्च मंद होत गेला. विझला.

पळावं, असं त्याच्या पायांना वाटलं. पण पळाला असता तर पाठीमागे दार उघडं राहिलं असतं. आणि कुलूप घातलं असतं तर... आत जे होतं ते आत राहिलं असतं. पुन्हा. हा 'पुन्हा' शब्द त्याच्या मनात कुठून आला, ते त्याला कळलं नाही. म्हाताऱ्याचं बोलणं मात्र आठवलं.

त्याने डोळे मिटले. उजवा हात अंधारात पुढे केला. एक बोट.

किती वेळ गेला...

मग बोटाभोवती मूठ वळली.

लहान. गार. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या नळासारखी गार. घट्ट.

त्याने डोळे उघडले, पण खाली बघितलं नाही. चालायला लागला. व्हरांडा. त्याच्या चपलांचा आवाज. फक्त त्याच्या. पण मूठ बोटाला होती. पायरी आली, की ती जरा उंच व्हायची... मग खाली. पायरी उतरणाऱ्या पोरासारखी.

फाटक आलं.

"जा बाळा," तो म्हणाला. "जा घरी."

मूठ सुटली नाही.

"जा ना रे..."

मग खालून, त्याच्या कोपरापाशी:

"अजून एक आहे."

आणि हात ओढला गेला. मागे. शाळेकडे. तो ओढला गेला. पोर ओढतं ना जत्रेतल्या दुकानाकडे, तसा. पण जोर पोराचा नव्हता. हॉलचं दार. डाव्या हाताने त्याने कुलूप काढलं. आत काळोख. ताज्या लाकडाचा वास. हात खाली ओढला गेला. आणखी खाली. गुडघे टेकले. गाल फळीला लागला.

व्यासपीठाची फळी. नवी. ठोकून बसवलेली.

आणि फळीच्या पलीकडे... श्वास.

खरा. कोरडा. तुटक. माणसाच्या पोराचा.

तेव्हा मात्र भीती गेली. म्हणजे गेली नाही, एका मोठ्या भीतीने तिला बाजूला ढकललं. सुताराची पहार भिंतीपाशी असेल म्हणून तो चाचपडला. मिळाली. पण उजवा हात मोकळा नव्हता.

"सोड रे राजा, दोन्ही हात लागतील."

नाही सोडलं.

मग डाव्या हाताने पहार घुसवली. पायाने दाबली. खिळे ओरडले. एक फळी. दुसरी. आतून गरम, कोंडलेली हवा आली. डाव्या हाताला कपाळ लागलं. तापलेलं. घामाने चिकट.

पहिलीतला पोरगा. आई वेगळी राहायची, बाप वेगळा. आईला वाटलं आज तो बापाकडे, बापाला वाटलं आईकडे. कुणी शोधायलाच निघालं नव्हतं. दुपारी लपाछपी खेळताना तो फळ्यांखाली शिरला, आणि सुताराने पुढची बाजू ठोकून टाकली. हातोड्याच्या आवाजात त्याचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं असेल?

उघड्या दारातून येणाऱ्या अंधुक चांदण्यात पोराने डोळे उघडलेले दिसले. ओठ एकमेकांना चिकटले होते.

"काका," तो म्हणाला, "मी वाट बघत होतो."

"हो रे सोन्या..."

"ठोकणं थांबलं. मग तुमच्या किल्ल्या ऐकू आल्या. तुम्ही विचारलं की मी 'आहे' म्हणणार होतो." जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही."

त्याच क्षणी कुलूपकाकाच्या बोटावरची मूठ सुटली. दोन्ही हातांनी त्याने पोराला उचललं, छातीशी धरलं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत टिकला नसता.

म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या फळ्यांवर खुर्च्या मांडल्या असत्या. भाषणं झाली असती. टाळ्या वाजल्या असत्या. आणि खाली...

असो.

कार्यक्रम झाला. मावशीचा झाला, ड्रायव्हरचा झाला, प्लंबरचा झाला. कुलूपकाकाला बोलावलं. तो वर गेला आणि माइकसमोर म्हणाला, "काल मी विचारलं नाही." मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, पोर तुमच्यामुळे वाचलं. हा मान तुमचाच."

"माझा नाही."

"मग कुणाचा?"

पोराच्या आईबापांकडे बघितलं नाही त्याने. उजवा हात तसाच खाली राहिला... आणि सन्मानचिन्ह त्याने डाव्या हाताने घेतलं.

तो पोरगा आता कॉलेजात जातो. धडधाकट आहे. कुलूपकाका अजून त्याच शाळेत आहे. मोडक्या बाकांच्या खोलीला त्याने पुन्हा कुलूप घातलं नाही. बाकी सगळं आधीसारखं. फक्त एक गोष्ट त्याच्या बायकोने मला दाखवली, तो झोपला असताना, हात पांघरुणाबाहेर काढून. त्याच्या उजव्या हाताची सगळी नखं वाढतात. मुठीत होतं त्या बोटाचं वाढत नाही. त्या रात्री होतं तेवढंच आहे. एवढ्या वर्षांत ते एकदाही कापावं लागलेलं नाही.

संपली. चला, अंथरुणं घाला.

"मामा," थोरली भाची म्हणाली. आता आवाजात खवचटपणा नव्हता. "यातलं खोटं काय होतं?"

काही नाही म्हटलं ना.

"मामा. दर वेळी एक तरी असतंच."

...

मूठ सुटली म्हणालो ना मी.

ते.