पहिल्या साडूचा दिवा

माझा साडू ग्लासवूल, म्हणजे धग अडवणारा काचेचा कापूस, आणायला बाजारात गेला, तिथून हे सगळं सुरू झालं. बसा नीट, आणि तो मोबाइल खाली ठेवा. हे कुठं वाचलेलं नाही, घरातलंच आहे.

मला एकाच मेव्हणीकडून दोन साडू मिळाले. हसू नका! पहिला वारला, मग काही वर्षांनी तिनं दुसरं लग्न केलं. हा दुसरा वायरमन. हुशार, कष्टाळू, पण भारी मत्सरी. आणि मत्सर कोणाचा, तर मेलेल्या माणसाचा!

घर पहिल्याचंच. बाहेरच्या खोलीत छताला त्यानं हौसेनं जुन्या काळचा दिवा बसवला होता. पितळी ताटली, खाली दुधी काचेचं भांडं. मेव्हणी रोज संध्याकाळी तो लावायची आणि क्षणभर वर बघायची. तेवढ्यानं ह्याच्या पोटात दुखायचं. मला म्हणायचा, "साडूभाऊ, माझ्याकडं असं कधी बघितलं नाही हो तिनं."

"अरे, तू छताला लटक, मग बघेल," मी म्हणायचो. त्याला काही हसू यायचं नाही.

एक दिवस त्या दिव्यातून भुगा गळायला लागला. बल्बची धग वायरींना आणि छताला लागू नये म्हणून ताटलीच्या आत एक जाड थर असतो. तो जुना होऊन भुसभुशीत झाला होता. तसाच ठेवला तर आग लागायची. साडूला आयतंच निमित्त मिळालं.

"काढूनच टाकतो तो दिवा," तो म्हणाला.

"दिवा राहू द्या," मेव्हणी म्हणाली. "फक्त आतलं बदला."

ह्याचं तोंड एवढंसं झालं, पण ग्लासवूल घेऊन आला.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा. दिवसभर लोकांची कामं, म्हणून घरचं काम तेव्हा काढलेलं. मेव्हणी आतल्या खोलीत झोपलेली. ह्यानं मेन स्विच बंद केला, कपाळाला बॅटरी बांधली, शिडीवर चढला. काचेचं भांडं उतरवलं, बल्ब काढून टेबलावर ठेवला. जुना थर खरवडून काढला आणि नवा कापून नीट बसवला. काम झालं होतं, गुपचूप खाली यायचं ना! पण नाही. त्या ताटलीकडं बघून म्हणाला, "तुझं होतं नव्हतं ते काढलं. आता घर माझं. बायकोही माझी."

काहीच झालं नाही.

मग त्याचा हात पितळेला लागला. गरम.

टेस्टर लावला. वीज नव्हती. पण पितळ तापत होतं... हात ठेववेना.

त्यानं खाली बघितलं. टेबलावरचा बल्ब... ना वायर, ना होल्डर... आतली तार हळूहळू लाल होत होती.

आतून मेव्हणीचा आवाज आला. झोपेतला.

"अहो... आलात?"

हा शिडीवरूनच कसाबसा म्हणाला, "मी इथंच आहे."

...

"तुम्हाला नाही म्हटलं."

बल्ब विझला.

सकाळी तिला काही आठवेना. ह्यानं दिवा भंगारात दिला आणि महिन्याभरात घराला कुलूप लावून भाड्याच्या जागेत राहायला गेला. नव्या झोपायच्या खोलीत नुसती भिंतीवरची ट्यूब. छत कोरं.

मागच्या आठवड्यात त्यानं मला बोलावलं. त्याच कोऱ्या छताला, मेव्हणीच्या उशीच्या बरोबर वर, गोल तपकिरी डाग पडला होता. ओल नाही, बुरशी नाही. मी स्टुलावर चढून हात लावला. गरम लागत होता, पोरांनो.

"रंग खराब असेल," मी म्हणालो.

"काल रात्री आम्ही बाजू बदलल्या, साडूभाऊ. तिच्या खिडकीकडच्या जागी मी झोपलो."

"मग?"

"काल डाग खिडकीकडं होता."

मी पुन्हा वर बघितलं. डाग भिंतीकडच्या बाजूला होता. खाली तिची उशी होती.