सव्वादोन मिलिमीटर

दुपारची भुरभुर चालू होती. एक जुनी निळी गाडी चाकांच्या दुकानासमोर थांबली. त्यातून उतरलेल्या तरुणाने चार चकचकीत चाकं एकेक करून आत आणली आणि जमिनीवर बसून काम करणाऱ्या मुलीला म्हणाला, "एवढी बसवून द्या. अर्ध्या तासात निघायचंय."

तिने हात पुसले, गाडीचं एक चाक उतरवलं आणि मापाचा कॅलिपर उचलला. बोल्टसाठी पाच छिद्रं होती. पाच असली की एकाच्या बरोबर समोर दुसरं येत नाही, म्हणून शेजारच्या दोन छिद्रांमधल्या अंतरावरून ती छिद्रांच्या वर्तुळाचं माप काढायची. तिने नवं चाक मोजलं, गाडी मोजली, मग पुन्हा दोन्ही मोजली.

"नाही बसणार," ती म्हणाली. "गाडीचं माप एकशे चौदा पूर्णांक तीन, चाकाचं एकशे बारा."

"म्हणजे जेमतेम सव्वादोन मिलिमीटर... पलीकडचा गॅरेजवाला म्हणाला, दाबून बसवतो."

"बसेल की. पण बोल्ट तिरके ओढले जातील, आणि एखाद्या वळणावर सैल होतील." त्याच्या बाहीवर चिकटलेल्या तांबूस केसांकडे तिने पाहिलं. "जनावरांचे डॉक्टर ना तुम्ही? वासराला औषध जरासं जास्त टोचलं तर चालतं?"

तो कोपऱ्यात टायर चढवणाऱ्या तिच्या वडिलांकडे वळला. "काका, तुम्ही एकदा मोजता का?"

वडिलांनी मानही वर केली नाही. "पोरीने मोजलेलं मी मोजत नाही."

तिने जुनं चाक परत चढवलं. डॉक्टर नवी चाकं घेऊन निघाला, तो थेट पलीकडे. ती कामाला लागली खरी, पण कान रस्त्याकडे. दहा मिनिटांत निळी गाडी परत आली... जुन्याच चाकांवर.

"त्यांना माप विचारलं," तो खाली बघत म्हणाला, "तर म्हणाले, आम्हाला नजरेनेच कळतं. मग तुम्ही आठवलात."

"मी, की माझा कॅलिपर?"

"आत्ता तरी... कॅलिपर म्हणतो."

ती हसली. आठवड्याभरात तिने त्याला नेमकी चाकं मागवून बसवून दिली. काम संपलं, पण डॉक्टरच्या फेऱ्या संपेनात. एका रविवारी हवा बघायची असायची, पुढच्या रविवारी कसलासा आवाज यायचा. तो आवाज तिला एकदाही ऐकू आला नाही. शेवटी तिने कॅलिपरच त्याच्या हातात दिला. "येताच आहात, तर शिका."

तो शिकला. रुंदी टायर बसतो त्या कडांच्या आतून घ्यायची, मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यावर, घट्ट बसायला हवं... एकदा त्याचं माप केसभरही चुकलं नाही, तेव्हा तिने ते वहीत स्वतःच्या मापांखाली लिहिलं. तो त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

मग एका रविवारी तो आईला घेऊन आला. आईने दुकान न्याहाळलं, तिचे काळे झालेले हात न्याहाळले आणि सरळ विचारलं, "हे सगळं लग्नानंतरही करणार का तू?"

"कुणाच्या लग्नानंतर?"

डॉक्टरचे कान लाल झाले. "आई... मी अजून तिला विचारलेलंच नाही."

"मला तर महिनाभर ऐकवतोयस. तिच्यासारखं माप कुणाला जमत नाही म्हणून."

कोपऱ्यातला हातोडा थांबला. आज मात्र वडिलांनी मान वर केली होती.

"खरं तेच सांगितलं," डॉक्टर तिच्याकडे वळला. "आणि ते सगळ्यांना सांगत फिरायला मला आवडेल... जन्मभर. चालेल तुम्हाला?"

तिने हात पुसायला फडकं उचललं, मग तसंच खाली ठेवलं. काळ्याच हातांनी ती त्याच्या आईसमोर येऊन उभी राहिली.

"करणार," ती म्हणाली. "लग्नानंतरही."