वाटेत 'ये' म्हणू नये

रंजनीच्या लग्नाची साडी आणायला कामाक्षीबाई नातीला घेऊन शहरातल्या टी. नगरच्या बाजारात निघाल्या, तेव्हा दारात कार धुऊनपुसून उभी होती. मुलगा राजगोपाल बोटात किल्ली फिरवत म्हणाला, "अम्मा, मी सोडतो की. एसी लावतो, पाय पसरून बैस."

"तू सोडशील रे. पण तिथं गाडी लावायला जागा हुडकता हुडकता पोरीचा मुहूर्त टळेल," कामाक्षीबाई म्हणाल्या. "आम्ही आपल्या लोकलनं जाऊन येतो."

जाऊन येतो. नुसतं 'जातो' नाही. तंजावरकडून आलेल्या त्या मराठी घरात 'जाते' हा शब्द एकटा उंबऱ्याबाहेर पडू देत नसत. जाणारीनं 'येते' म्हणायचं, घरात राहणारीनं 'ये' म्हणायचं. आतून सून अन्नपूर्णाबाईनं "या हं" म्हटलं, तेव्हा कुठं कामाक्षीबाईंनी चपलेत पाय घातला.

आता ही रीत कुठं नसते? पण या घरात तिच्यामागं एक घाव होता. कामाक्षीबाईंची थोरली जाऊ राजसबाई. नणंदेच्या लग्नाची साडी आणायला अशीच लोकल धरून शहरात निघाली होती. आदल्या दिवशी सासूशी वाजलेलं, तोंडं फुगलेली. उंबऱ्यात उभं राहून म्हणाली, "जाते." चुलीपुढं बसलेल्या सासूनं मान वर केली नाही. राजसबाई घटकाभर थांबली म्हणतात... कुणी 'ये' म्हणेल म्हणून. कुणी म्हटलं नाही. परतताना टी. नगरच्या माम्बलम स्टेशनात रूळ ओलांडताना गाडीखाली गेली. साडीचं पुडकं घरी आलं, त्यावर साधा डाग नव्हता. ती आली नाही.

सवाष्ण गेली. तेव्हापासून घरात लग्न निघालं की पहिली साडी तिची, मग नवरीची. मुहूर्ताआधी तिच्या नावाचं पान वाढायचं, साडी पानापुढं ठेवायची आणि घरातल्या थोरलीनं दिवा लावून म्हणायचं, "राजसबाई, या." फक्त तिथंच. दुकानातून साडी हातात पडल्यापासून घर येईपर्यंत वाटेत कुणालाही 'ये' म्हणायचं नाही. कारण 'ये' ऐकायला ती आसुसलेली. ज्या मुलीला हाक माराल, तिच्या जागी ती येते. असं एकदा झालंही होतं, नणंदेच्या लेकीच्या वेळी. पोर घरी आली, बोहल्यावर चढली, नांदायला गेली. पण तिची आई डोळे मिटेपर्यंत एकच सांगत राहिली, "ही माझी नव्हे."

हे सगळं कामाक्षीबाईंनी गाडीत बायकांच्या डब्यात नातीला पुन्हा ऐकवलं. घराजवळचं गुडुवांचेरी सोडून गाडी तांबरमला आली होती. डबा भरला, बायकांच्या वेण्यांतल्या मोगऱ्याचा वास कोंडला, आणि रंजनीला शिंका सुरू झाल्या. जोडीनं यायच्या तिच्या शिंका, लहानपणापासून. मोगरा तिला सोसतच नसे.

"पूं वैक्काद पेण्णा?" समोरची एक म्हातारी हसली. फुलं न माळणारी मुलगी असते का कुठं!

"लग्नात तेवढं कापडाचं फूल लावीन," रंजनी नाक पुसत म्हणाली. मग आजीकडे वळली. "आज्जी, तमिळमध्ये 'वा' म्हटलं तर चालेल का गं? राजसआज्जीला कळायचं नाही."

"तंजावरात जन्मली होती ती. तुझ्यापेक्षा बरं तमिळ बोलायची. आणि थट्टा नको."

"बरं बाई. मी तुला चिकटूनच चालते. बोलवायची वेळच येणार नाही."

गिंडी आलं, तशी रंजनीनं आपल्या ऑफिसच्या दिशेला हात हलवला. "रोज इथं उतरते. आज पुढं जातेय, काय मजा!" कामाक्षीबाईंनाही हसू आलं. एकुलती नात. ती हसली की त्यांच्या गुडघ्यांतली कळसुद्धा जरा मागं सरायची.

दुकानात राजसबाईची साडी आधी घेतली. नऊवारी, लाखेच्या लाल रंगाची, बारीक काठ. मग रंजनीची निळी, मोरपिशी. नवऱ्या मुलाकडच्यांना निळा चालेल का यावर दोघींचं थोडं वाजलं, कॉफी पिऊन मिटलं. लाल साडीचं पुडकं कामाक्षीबाईंनी छातीशी धरलं. तेव्हापासून त्यांनी तोंड असं मिटलं, की दुकानदारानं "वांगम्मा, पुन्हा या" म्हटलं, तरी नुसती मान हलवली.

परतीची वेळ चुकली. ऑफिसं सुटली होती. दुकानांच्या गल्लीत खांद्याला खांदा. स्टेशनच्या पुलावर तर पाय आपले आपण टाकायचेच नाहीत, माणसंच उचलून नेत होती. उकडलेल्या शेंगांचा वास, घामाचा वास, आणि खालून रुळांचा तो लोखंडी, ओलसर वास... कामाक्षीबाईंच्या मागं रंजनी होती. मग नव्हती. गाडी शिरली, भोंगा झाला. गर्दी जिन्यावरून सुटली. कामाक्षीबाईंनी मान वळवली. डोकीच डोकी. त्यात एकदाच, लांब वरच्या पायरीवर, रंजनीचा चेहरा दिसला. ती हात वर करत होती. आणि तिच्या मागनं लोंढा आला.

नात पडेल, तुडवली जाईल, एवढंच त्या आजीच्या मनात आलं. बाकी सगळं पुसलं गेलं.

"ये गं! रंजनी, लवकर ये!"

आणि हात मागं लांबवला.

हातात हात आला. लगेच. इतक्या लांबून इतक्या लगेच कसा आला, हे त्यांना नंतर सुचलं. थंडगार हात. घामेजलेल्या त्या गर्दीत विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा थंड. आणि मनगटात काचेच्या बांगड्या किणकिणल्या. कामाक्षीबाईंनी तो घट्ट धरला, ओढला, डब्यात चढल्या. गाडी हलली.

"हात सोड ना आज्जी. दुखतंय."

रंजनीच होती. तोच पिवळा कुर्ता, मनगटावर तेच काळं घड्याळ. बांगड्या नव्हत्या.

"तू... घातल्या होत्यास का कसल्या बांगड्या?"

"मी? कधी घालते का मी?"

कामाक्षीबाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला. वाटेत आपण काय बोलून बसलो, ते आता आठवलं. पुडकं उरी धरून त्या देवाचं नाव घेत राहिल्या. रंजनी खिडकीशी बसली होती. ती खाली रुळांकडे बघत होती. माम्बलम मागं पडलं तरी मान वळवून बघत होती.

"उशीर झाला ना, आज्जी," ती हळूच म्हणाली. "फार उशीर झाला..."

सैदापेटला फुलवाली चढली. टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, तसा मोगऱ्याचा वास डब्यात सांडला. कामाक्षीबाईंनी सवयीनं नातीसाठी रुमाल पुढं केला. रंजनीनं तो घेतला नाही. फुलवालीकडून हातभर गजरा घेतला, ओळखीच्या बोटांनी केसांत माळला, आणि डोळे मिटून वास घेतला. पोटभर.

एक शिंक आली नाही.

गुडुवांचेरीला उतरून घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. कामाक्षीबाई घाईनं आधी आत शिरल्या. मागं वळून पाहिलं. रंजनी उंबऱ्याबाहेर थांबली होती. एरवी ही मुलगी चपला उडवत थेट फ्रिजपाशी जायची. आज पाय जुळवून, मान खाली घालून उभी.

"आज्जी," ती म्हणाली. "ये म्हण की..."

म्हणावं तर आत कोण येईल? न म्हणावं, आणि ही खरंच आपली पोर असली तर? सांजवेळी तिला दाराबाहेर ठेवायचं? कामाक्षीबाईंनी दाराची चौकट धरली.

स्वयंपाकघरातून अन्नपूर्णाबाई ओरडली. तिचे हात पिठात होते, तिनं वळूनही पाहिलं नाही. "अगं, ये की आत! दारात कसली पाहुण्यासारखी उभी राहतेस?"

उजवं पाऊल पुढं टाकून ती आत आली. कामाक्षीबाईंच्या हातातलं पुडकं तिनं अलगद काढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"ते देवापाशी ठेव गं," अन्नपूर्णाबाई बाहेर येत म्हणाली. "राजसबाईंचं आहे ना?"

"राहू दे. माझंच आहे."

"तुझं कसलं? तुझं ते निळं. लग्न ठरल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही बघा," असं म्हणत सून हसत पुन्हा आत गेली. मागोमाग तीही गेली. आत पोळपाट वाजू लागला, लाटणं फिरू लागलं. रंजनीला लाटता येत नव्हतं.

कामाक्षीबाई तुळशीपाशी दिवा ठेवायला बाहेर आल्या. ज्योत वाकत होती. फाटकापलीकडे मोगऱ्याचा वेल आहे. अंगणात लावला तर पोरीला त्रास होतो, म्हणून राजगोपालनं तो तिथं लांब नेऊन लावला होता. वेलाखाली अंधार साचला होता.

त्या अंधारात कुणीतरी शिंकलं.

पुन्हा शिंकलं. जोडीनं.

दिवा कामाक्षीबाईंच्या हातून सुटला. त्या फाटकापर्यंत धावल्या, जेवढं त्यांना धावता येत होतं तेवढं. आता रीत नाही, सासू नाही, काही नाही. अंधाराकडे दोन्ही हात पसरून त्यांनी जीव खाऊन हाक मारली.

"रंजनी... ये! घरी ये गं, बाळा!"

वेल हलला नाही. पाऊल वाजलं नाही. पाठीमागं, अगदी कानापाशी, बांगड्या किणकिणल्या.

"आलेच की, आज्जी."

आणि फाटकाबाहेर पुन्हा शिंक आली. या वेळी जरा लांबून.