पंप बंद, पाणी चालू

स्वराज, दार ओढून घे. रुद्र, हसू नको. निमोण्याच्या मच्छिंद्राचं हाय हे, माझ्या सख्ख्या साडूचं. खोटं निघालं तर माझी मिशी उतरवा.

शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात लोखंड वितळवायची विजेची भट्टी. मच्छिंद्र तिथं इलेक्ट्रिशियन. भट्टीला करंट देणारं पॅनेल असलं तापायचं, की त्याच्या पोटातनं पंप लावून नळ्यांनी गार पाणी फिरवायला लागायचं. पाणी थांबलं की एक स्विच भट्टी आपोआप बंद करायचा. उन्हाळ्यात तो स्विच उगंच सारखा पडून भट्टी थांबवायचा. गुरुवारी दिवसा लाईट नसायची, म्हणून बुधवारी माल काढायची घाई. मच्छिंद्रानं स्विचला तार जोडून त्याला गप केलं आन् घरी गेला. रात्रपाळीच्या म्हाळूला सांगायचं राहिलं.

त्या रात्री पाणी थांबलं. भट्टी चालूच. पॅनेल फुटलं आन् म्हाळू गेला.

सकाळी मच्छिंद्रानं गुपचूप तार काढली. साहेबांनी विचारलं, तर म्हणतो, "म्हाळूनंच कायतरी उचापत केली असंल." मेलेल्या माणसावर आळ घेतला, अरारा! म्हाळूची बायको धुरपदा वरीसभर लोकांचे टोमणे ऐकत राहिली. मच्छिंद्राला घास गिळंना, पर तोंड उघडंना.

मग दोन हजार तीन साल. मे महिन्यातला शेवटला बुधवार. रात्री एक वाजून दहा मिनिटं. मच्छिंद्र नव्या पॅनेलचा पंप बघायला गेला. रोजचंच काम.

पंप बंद हुता. भट्टी चालू.

त्यानं नळी धरली. गार... बर्फावानी. आत पाणी वाहत हुतं.

पंपाशिवाय...

पॅनेलच्या आतनं कुणीतरी त्याचा उजवा हात धरला. मनगटापतूर.

"मच्छिंद्रमामा... म्या केलं व्हय?"

"न्हाई रं म्हाळू... न्हाई! तार म्या लावली. पाप माझं हाय." ढसाढसा रडला गडी.

हात सुटला. भट्टी बंद पडली.

उजाडायला तो धुरपदाच्या दारात. सगळं सांगितलं. मग साहेबांना सांगितलं, चावडीवर सांगितलं. नोकरी गेली, तिचं त्याला काय न्हाई.

धुरपदा त्या सकाळी दारातच म्हणाली, "मामा, सासूबाई पौषात गेल्या. जाताना बी लेकालाच बोल लावत गेल्या. त्यांना कोण सांगंल?"



अजून हाय मच्छिंद्र निमोण्यात. परवा भर उन्हात खुरपून आला, तवा म्या त्याचे दोन्ही हात हातात घेतले. डावा घामानं चिंब. उजवा मनगटापतूर गार...