कोरडं वजन

हार्लिंगेन या डच बंदरगावातल्या इस्पितळाच्या डायलिसिस विभागात सकाळची पाळी आठला सुरू होई. आधी प्रत्येकाचं वजन. मग नडगीवर अंगठा दाबायचा. खळगा तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय. शेवटी हातापायाला पट्ट्या चिकटवल्या की यंत्र सांगे, किती लिटर जास्त. नर्स वित्स्के एकवीस वर्षं हेच करत होती. माणसं खोटं बोलतात, आकडे बोलत नाहीत, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती पेशंटला तोंडावर ऐकवी.

म्हाताऱ्या डाउवेचा डावा पाय दीड महिन्यापूर्वी मांडीतून कापला होता. तेव्हापासून त्याचं कोरडं वजन, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर उरायला हवं ते, सहासष्ट किलो ठरलं होतं. या सोमवारी काटा सत्तरवर गेला.

"चार किलो, आजोबा? दोन दिवसांत अख्खं बंदर प्यायलात की काय?"

"दिवसाला दोन कप, सिस्टर. तेही अर्धे."

तिने त्याचे खिसे चाचपले. ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या चघळून मग तहानेने नळाला तोंड लावणारे तिने पुष्कळ पाहिले होते. खिशात काहीच नव्हतं.

"पाणी डाव्या पायात आहे," तो हळूच म्हणाला. "कालपासून टरारलाय. ठणकतोय."

"तो जाळला. तुमच्याच सहीने."

उजव्या नडगीवर खळगा पडला नाही. जीभ कोरडी होती, रक्तदाब कमी. तिला ते दिसलं. पण यंत्रही चारच लिटर म्हणत होतं, आणि या म्हाताऱ्याच्या रडगाण्याचा तिला वीट आला होता. डॉक्टरांना तिने विचारलंच नाही.

"दोन यंत्रं खोटी आणि तुम्ही एकटे खरे?"

"बाकी सगळा मी सुकलोय. चार काढलेत तर मरेन."

"मग पुढच्या वेळी पिताना आठवेल."

तिने चार लिटर लावले.

तिसऱ्या तासाला त्याच्या उजव्या पोटरीत गोळे आले. बंद करा, असं तो दोनदा म्हणाला. तिने यंत्राची वाजणारी धोक्याची घंटी तेवढी बंद केली आणि त्याच्यासमोर उभी राहून आपली कॉफी संपवली.

पावणेबाराला त्याचं हृदय थांबलं. डॉक्टर धावत आले, अर्धा तास झटले, आणि मृत्यूची वेळ लिहून गेले.

वित्स्के पडदा ओढून आत थांबली. तिला आकडा हवा होता. चार लिटर निघाले, म्हणजे ते होते. आता यंत्राने जास्तीचं पाणी शून्य दाखवलं आणि ते कागदावर आलं, की कुणी बोट दाखवणार नव्हतं. तिने थंड हाताला आणि उजव्या पायाला पट्ट्या चिकटवल्या.

चार लिटर जास्त.

पट्ट्या बदलल्या. पुन्हा चार.

तिने चादरीकडे पाहिलं. उजवीकडे हाडकुळ्या पायाचा उंचवटा होता. डावीकडे, जिथे पायच नव्हता, तिथली चादरही सपाट नव्हती.

सवयीने तिचा अंगठा तिथे गेला.

तो गादीपर्यंत पोचला नाही. मध्ये काहीतरी मऊ, गार, तटतटलेलं होतं.

तिने हात मागे घेतला. चादरीवरचा खळगा तसाच राहिला.