बद्द वाजणारी रेकॉर्ड

दानेश्वरीची स्कूटी नेमकी लक्ष्मीपुरीतल्या त्या जुन्या वस्तूंच्या दुकानासमोर पंक्चर झाली. "वेळ लागंल, ताई," पंक्चरवाला म्हणाला. भर उन्हात उभं राहून करायचं काय? ती दुकानात शिरली.

आत ग्रामोफोनचे कर्णे, पितळी दिवे आणि रेकॉर्डींची चळत. वर पाटी – 'जुन्या अस्सल रेकॉर्डी'. मालक कुरळ्या केसांचा, तिच्याच वयाचा. एका रेकॉर्डवरची धूळ तो इतक्या हळुवार पुसत होता, की झोपलेल्या लेकराचं तोंड पुसतोय असं वाटावं. दानेश्वरीने एक रेकॉर्ड उचलली, मधल्या भोकात बोट घालून तोलली आणि सवयीने कडेला टिचकी मारली.

"चीर गेलीया हिला."

त्याचा हात थांबला. "ओ मॅडम, रेकॉर्ड हाय ती. माठ न्हाय."

"माठ असू दे न्हायतर लोखंड, तडा गेला की बद्द वाजतंयच. शिरोलीला फौंड्रीत रोज लोखंडाची ओतीव कास्टिंगं वाजवून पास करते मी."

"माझ्या दुकानात फुटका माल नसतोय!"

"मग बघा की!"

झालं! दोघं भिंग घेऊन दारातल्या उजेडात आले. रेकॉर्ड एक, भिंग एक... डोकी दोन. त्याच्या कुरळ्या बटा तिच्या कपाळाला लागल्या, तशी ती मागे सरली – पण अगदी थोडीच. चीर काही सापडली नाही.

"हरलासा!" तो हसला. "आता चहा तुमच्याकडनं."

चहा पाजून ती गेली खरी, पण तो बद्द आवाज काही कानातून जाईना. तिचा कान आजवर चुकला नव्हता, आणि हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती पुन्हा हजर झाली. कान हे निमित्त होतं, हे तिलाही कळत होतं म्हणा!

"आलासा?" सोमशेखरचा – हे त्याचं नाव – चेहरा खुलला. "चीर आणलीया काय संगट?"

"चेष्टा पुरे. तुमच्या घरातली एखादी जुनी रेकॉर्ड द्या."

त्याने वडिलांच्या वेळची एक काढून दिली. टिचकी मारली... टणकन वाजली. मग तिने ती पहिली वाजवली. बद्द! चीर नाही, तरी बद्द. म्हणजे? ती स्वतःवरच चिडली. फौंड्रीत सगळा माल एकच, त्यामुळे तिने तडाच शोधला होता. इथे मालच वेगळा असेल, हे डोक्यात आलंच नाही. तिने कडेवर अंगठा दाबला. रेकॉर्ड किंचित... वाकली.

सोमशेखरचा चेहरा खर्रकन उतरला. जुनी रेकॉर्ड लाखेची. ती वाकत नाही, मोडते. त्याने लेबलच्या कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. अस्सल रेकॉर्डीत लेबल गरम लाखेबरोबरच दाबून बसवतात, त्याची कड नखाला लागत नाही. हे मागून डकवलं होतं.

"नकली हाय," तो पुटपुटला. "जुनं पाकीट, जुनं लेबल... तेवढंच बघून आख्खा लॉट घेतला मी. निम्मा विकलाय. अस्सल हाय म्हणून, माझ्या शब्दावर."

दानेश्वरी त्याच्या हातांकडे बघत राहिली. हा माणूस तिला आवडला होता, मनापासून आवडला होता. पण त्याने आता ती रेकॉर्ड गुपचूप चळतीत सरकवली असती, तर ती त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नसती.

सोमशेखर स्टुलावर चढला आणि त्याने पाटी उतरवली.

"सगळ्यांस्नी सांगायचं. माल परत घ्यायचा."

"दुकान बसंल की हो!"

"बसू दे. परत उठवू."

मग दर रविवारी स्कूटीवरून दोघांची वरात निघू लागली. कुणी शिव्या घातल्या, कुणी दार लावून घेतलं. इचलकरंजीच्या आकाराम मास्तरांनी मात्र ताक पाजलं आणि रेकॉर्ड ठेवून घेतली. "नकली असंना, गाणं तर खरं हाय की!" म्हणाले.

परत येताना वाट वाकडी करून कळंब्याच्या तळ्यावर दोघं थांबली. पाण्यावरून गार वारा येत होता.

"तुमी सगळंच वाजवून बघता?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मग... मला?"

"पहिल्याच दिवशी बघितलं."

"आनि?"

तिने घाईघाईने हेल्मेट चढवलं. लाल झालेला चेहरा कुठेतरी लपवायला हवाच होता! मग काचेआडून हळूच म्हणाली, "रविवारी निपाणीचं पावणं येणार हाईत... मला बघायला."

सोमशेखरने एक खडा उचलून पाण्यात भिरकावला.

"मग मी शनिवारी येतो," तो म्हणाला.

तिचं काळीज आनंदाने उसळलं... आणि लगेच धास्तावलं. तिचे आप्पा, रामलिंग, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. जावयाचा जम बसलेला हवा, हा त्यांचा हट्ट.

"एक ऐका माझं. दुकान झकास चाललंय म्हणून सांगा. एवढंच खोटं... माझ्यासाठी."

"न्हाय जमायचं."

"अवो पण—"

"तुमीच बिघडवलंय मला. आता भोगा!"

शनिवारी तो आला. स्वयंपाकघराच्या दाराआड दानेश्वरी श्वास रोखून उभी होती.

"दुकान कसं चाललंय?" आप्पांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"चालत न्हाय," सोमशेखर सरळ म्हणाला. "नकली रेकॉर्डी विकल्या गेल्या माझ्या हातनं. कळलं तशा घरोघरी जाऊन परत घेतल्या. आता ग्रामोफोन दुरुस्त करतोय. थोडं हाय, पन भागतंय. दानेश्वरी मला आवडती. तिला विचारा, मग मला हो-न्हाय सांगा."

अव्वाने, तिच्या आईने, पदर ओढून धरला, तरी दानेश्वरी बाहेर आलीच.

"आप्पा, लग्न करीन तर ह्यांच्याशीच."

आप्पांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"गुळात साखर मिसळून अस्सल म्हणून खपवणारी लई बघितली मी," ते सावकाश म्हणाले. "पन गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सांगणारा हाच पहिला."

त्यांनी फोन उचलला आणि निपाणीचा नंबर लावला.

"पावणं, उद्याची गाडी सांगू नका. आमच्या पोरीचं ठरलं."