बुधवारची सुट्टी

जिंतूरच्या बसस्टँडसमोर भगवानरावांचं हॉटेल आहे. मी इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आलो तेव्हा बायकोची, धम्मशीलाची, बदली व्हायची होती. म्हणून दोन्ही वेळा मी तिथंच जेवायचो. वाढायला चंद्रभानमामा असत. साठीकडे झुकलेले, खांद्यावर फडकं, चालणं एकदम हलकं. नको म्हणेपर्यंत पानात भाकरी पडलेली असायची.

मामांना नाद किती! वाढता वाढता भजनाच्या चाली गुणगुणायचे. कुस्तीचा विषय निघाला की हातातली बादली खाली ठेवून डाव दाखवायचे. हॉटेलमागे तेलाच्या डब्यांत त्यांनी गुलाब लावले होते. पण आमची गट्टी जमली ती पक्ष्यांमुळे. माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून त्यांनी एकदा हळूच विचारलं, "सर, आमालाबी दिसंल का ह्यातून?"

त्यानंतर दर बुधवारी, हॉटेलच्या सुट्टीला, दुपारी आम्ही येलदरी धरणाच्या काठी भेटू लागलो. मी मोटारसायकलवर जायचो, ते आधीच येऊन बसलेले असायचे. कशानं आलात, हे मी कधी विचारलं नाही. जवळच सुमनबाईंची चहाची टपरी होती. ऊन कलेपर्यंत आम्ही चक्रवाक, शेकाटे बघत बसायचो. मामा फार कमी बोलायचे. तशी कित्येक वर्षं गेली.

यंदा मार्चमध्ये मामा गेले. भाकऱ्यांचं ताट हातात असतानाच खाली बसले ते उठलेच नाहीत. मी स्मशानात होतो. चिता पेटलेली मी डोळ्यांनी पाहिली.

तेरावं झाल्यावर भगवानरावांनी हॉटेलातच शोकसभा ठेवली, बुधवारी दुपारी. बाकं भिंतीला लावली होती, फोटोला हार होता. मामांच्या पत्नी नर्मदाबाई कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या होत्या.

बोरीच्या भजनी मंडळाचे बन्सीधर बोलायला उठले. मामांनी आम्हाला पेटी शिकवली, दर बुधवारी दुपारी न चुकता यायचे, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, ह्यांचा वार चुकतोय.

मग पालमचे महारुद्र वस्ताद उठले. मामा दर बुधवारी तालमीत येऊन पोरांना डाव शिकवायचे, म्हणाले. जिंतूरहून पालमला जायचं तर परभणीला गाडी बदलावी लागते, अर्धा दिवस मोडतो.

"बुधवारीच?" मी विचारलं.

"बुधवारीच, सर. दुपारी जेवणं झाली की मामा आखाड्यात."

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. लाल मातीत मामा उभे होते, भोवती पोरं. मी तारीख पाहिली आणि माझा मोबाइल काढला. त्याच दुपारी मी येलदरीला फोटो काढले होते. एकात मामा होते. तोच चौकड्यांचा सदरा, दुमडलेल्या बाह्या. दोन्हीकडे ते सरळ कॅमेऱ्यात बघत होते.

मी दोन्ही मोबाइल शेजारी शेजारी धरले. वस्तादांनी पाहिलं आणि आपला मोबाइल काढून घेतला. बन्सीधर वाकून बघत होते, ते मागे सरकले.

तेवढ्यात नर्मदाबाई बोलल्या. आवाज अगदी सपाट.

"बुधवारी ते कुठंच जात न्हवते. जेवून झोपायचे ते दिवे लागल्यावर उठायचे. किती हाका मारल्या तरी उठायचे न्हाईत. मी आपली उशाशी बसून ऱ्हायची."

वस्तादांनी मोबाइल खिशात टाकला.

बन्सीधरांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. बोरीहून मंडळाचा माणूस बोलत होता.

"मामा आलेत म्हणायलाय," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "पेटी उघडून बसलेत. तुमी आज जिंतूरला कशाला गेलाव, म्हणून इचारायलाय."

फोनमधून पेटीचे सूर बारीक ऐकू येत होते. ते मी ऐकले.

नर्मदाबाईंनी पदर सावरला. त्यांनी एवढंच विचारलं, "थकल्यावानी दिसायलेत का?"

बन्सीधरांनी फोन बंद केला.

घरी मी काही सांगितलं नाही. धम्मशीला दवाखान्यात नर्स आहे, तिनं माझी नाडी धरून पाहिली असती. येलदरीला मात्र गेलो नाही. पुढच्या बुधवारी दुपारी मुद्दाम कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसलो. दारं-खिडक्या उघड्या, आजूबाजूला मुलं. आपण घाबरलोय हे स्वतःला कबूल करायला मला वेळ लागला.

ऊन उतरायच्या आधी सुमनबाईंचा फोन आला.

"सर, तुमी येईनात झालाव. मामा लय वेळ वाट बघत बसले हितं. मागल्या बुधवारीबी बसले हुते."

"कोण मामा?"

"असं काय करताव? आपले चंद्रभानमामा. वाळलेत जरा. तुमचं घर इचारत हुते, मी सांगितलं. पाण्याच्या टाकीमागं, निळं गेट. भेटूनच येतो म्हणले."

"कधी गेले?"

"हे काय, आत्ताच. रस्त्यानं न्हाई, पाण्याच्या अंगानं गेले."

धम्मशीला ड्यूटीवर होती. सकाळची शाळा करून आलेली आमची मुलगी पिंकी घरी एकटीच होती. मी घरी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला.

"पप्पा?"

"दार लावलंयस?"

"हो. कडी लावलीय."

"कोणी आलं होतं?"

"नाही."

मी खुर्चीत बसलो.

"पप्पा," ती म्हणाली, "आज तुम्ही दोघं जेवायला लवकर येणार आहात का?"

"का गं?"

"मी झोपून उठले तर कुणीतरी ताटं वाढून ठेवलीत. आपली तिघांची." ती थोडं थांबली. बहुतेक हात लावून बघत होती. "भाकरी अजून गरम आहे."